खेळणारा कोणत्या खात्यात?

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ हा कन्सोल जगातील बहुतेक मोठ्या बाजारपेठांत विक्रीस आला. भारतात आला नाही. कंपनीने दिलेले कारण एका वाक्याचे होते: वाय-फाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा ज्या देशांत अद्याप खुला नाही तिथे हे यंत्र विकले जाणार नाही, आणि भारत तेव्हा त्यांपैकी एक होता. अमेरिकेने हा पट्टा एप्रिल २०२० मध्येच परवानामुक्त करण्याचा निर्णय घेतला होता. आपल्याकडे तो मोबाइल कंपन्यांसाठी राखून ठेवावा की घरोघरच्या वाय-फायसाठी मोकळा करावा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. पट्ट्याच्या खालच्या भागापुरते, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झपुरते मसुदा नियम दूरसंचार विभागाने काढले ते मे २०२५ मध्ये.

या वादात मोबाइल कंपन्या बोलल्या, मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या बोलल्या. आपल्या या निर्णयाने किंवा अनिर्णयाने कोणाचे खेळणे अडते आहे, हे विचारात घेण्याचे दूरसंचार विभागाला काही कारण नव्हते. तो त्याचा विषयच नाही. तसे पाहिले तर सोनीचीही यात सोय होती. याच काळात वाय-फाय ७ असलेले फोन ६ गिगाहर्ट्झची सुविधा बंद ठेवून भारतात सर्रास विकले जात होते. कन्सोलच्या बाबतीत तेवढे कष्ट घेण्याइतकी ही बाजारपेठ कंपनीला मोठी वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सरकारला आम्ही दिसत नाही आणि कंपनीला आम्ही पुरेसे दिसत नाही, या दोन्हींच्या मधल्या जागेत भारतातला कन्सोल खेळणारा उभा आहे.

मी बंगळुरूच्या यशवंतपुरात राहतो. महाराष्ट्रातील वाचकांना हे नाव पंढरपूरला येणाऱ्या गाडीच्या पाटीवरून किंवा इथल्या बाजार समितीत उतरणाऱ्या कांद्यामुळे ठाऊक असेल. चंदनी साबणाचा सरकारी कारखाना, पलीकडे पीण्याची औद्योगिक वसाहत, अलीकडे मॉल आणि उंच कार्यालये, अशी ही वस्ती. मेट्रोत बसलो की डब्यातील निम्म्या माना मोबाइलमध्ये खाली गेलेल्या असतात आणि त्यांतील बऱ्याच खेळत असतात. भारतात खेळ म्हणजे मोबाइल, हे समीकरण इथे डोळ्यांनी दिसते. कन्सोल ही त्यापुढे अगदी लहान जमात: टीव्हीला जोडायचे, केवळ खेळासाठी बनवलेले संगणकयंत्र विकत घेणारी, आणि त्यावर तीस-चाळीस तासांची एखादी कथा कादंबरीसारखी पुरवून पुरवून खेळणारी. मी त्या जमातीतला. नोकरी सांभाळून, रात्री उरलेल्या वेळात खेळणारा.

ही जमात लहान का राहिली, याचे उत्तर ‘भारतीयांना आवड नाही’ असे दिले जाते. मला ते पटत नाही. आधी दर पाहू. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने कन्सोलवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के केले. त्यावर अधिभार, आणि या साऱ्या बेरजेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. म्हणजे शंभर रुपयांचे यंत्र बंदरातून बाहेर पडेपर्यंत एकशे चाळीसच्या पुढे गेलेले असते. दुकानदाराचा नफा त्यानंतरचा. वस्तू व सेवा कर सुरुवातीला २८ टक्के होता, तो डिसेंबर २०१८ च्या बैठकीनंतर १८ वर आला, हे मान्य केले पाहिजे. पण सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत बुद्धिबळाचा पट, कॅरम, पत्ते यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला तेव्हा त्याच शीर्षकातून ‘व्हिडीओ गेम कन्सोल वगळून’ अशी स्पष्ट नोंद झाली. पट हा खेळ, कन्सोल ही चैन. आयातशुल्क वाढवताना देशी उत्पादनाला संरक्षण हे कारण असते. इथे संरक्षण द्यायला देशी कन्सोलच नाही.

त्यात उशिराची भर. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना; पुढच्याच वर्षी तो ५४,९९० झाला. पहिली नोंदणी काही मिनिटांत संपली होती. आवड नसलेल्या देशात असे होत नाही. निन्टेंडोचे तर इथे अधिकृत दुकानच नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचा ‘स्विच २’ जगभर आला तेव्हा तो मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटसारख्या, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी, कोणी दुबईहून वा सिंगापूरहून आणलेल्या पेटीच्या रूपातच घ्यावा लागणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. हमीपत्र नाही, दुरुस्ती नाही, पावतीचाही बऱ्याचदा पत्ता नाही. सरकारचा महसूलही यात बुडतोच.

आता दुसरा मुद्दा, आणि तो अधिक खोल आहे. गेल्या दहा वर्षांत आपल्या सार्वजनिक भाषेत ‘गेमिंग’ हा शब्द पैशाच्या खेळांनी बळकावला. वर्तमानपत्रात ‘गेमिंग कंपनीवर छापा’ असे छापून आले की त्यात रमी किंवा फँटसी क्रिकेट असते. बंगळुरू हे या उद्योगाचे एक माहेरघर. कर्नाटकने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशा खेळांवर बंदी घातली, ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. त्यानंतर करवसुलीचे युद्ध झाले. अखेर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला; २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मोहोर. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून पैसे मिळवण्याचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कायद्याला लगेच आव्हान मिळाले आणि ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली.

या बंदीबद्दल मला दुःख नाही. कर्जात बुडालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण या कायद्याने खेळांचे जे तीन वर्ग केले, त्यांत माझे खेळणे कुठे बसते हे शोधताना गंमत वाटते. एक वर्ग पैशाच्या खेळांचा, तो बंद. दुसरा ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे स्पर्धात्मक, ज्याला क्रीडा म्हणून मान्यता. तिसरा ‘सोशल गेम’चा, मनोरंजन वा शिक्षण यांसाठीचा. घरी दिवाणखान्यात एकट्याने, इंटरनेट न जोडता, प्राचीन जपानातल्या सामुराईची कथा खेळणारा माणूस यांपैकी कशातच नाही. तो ऑनलाइन नाही, स्पर्धक नाही, सोशलही नाही. कायद्याच्या दृष्टीने तो नसणे एका अर्थी बरेच. मात्र जिथे त्याला खरोखर संरक्षण हवे, तिथेही तो नाही.

उदाहरण फुटबॉलच्या खेळांतील ‘पॅक’चे. चार-पाच हजारांना विकत घेतलेल्या खेळात आणखी पैसे भरून बंद पाकीट घ्यायचे. त्यात मोठा खेळाडू निघेल की कोणी अनोळखी, हे नशीब. बारा-तेरा वर्षांची मुले वडिलांच्या कार्डावर हे करतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८ मध्येच याला जुगार ठरवले आणि पुढच्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्या देशात फिफाच्या खेळातील अशा गुणांची विक्री थांबवली. आपला कायदा पैशाच्या परताव्याची अपेक्षा शोधतो. पाकिटातल्या खेळाडूचे अधिकृतपणे पैसे होत नाहीत, म्हणून हा प्रकार कायद्याच्या फटीत सुखाने नांदतो. रमीच्या टेबलावर धाड पडली. मुलाच्या खोलीतले पाकीट तसेच राहिले.

तिसरी गोष्ट कारागिरांची. जगात जे मोठे कन्सोल खेळ बनतात त्यांत बंगळुरूचे हात असतात. १९९७ मध्ये राजेश राव यांनी इथे ‘ध्रुव इंटरअॅक्टिव्ह’ सुरू केली, ती देशातील पहिल्या खेळनिर्मिती कंपन्यांपैकी. फोर्झासारख्या शर्यतीच्या मालिकांसाठी या कंपनीने वर्षानुवर्षे चित्रकाम केले. मे २०१९ मध्ये तिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या मालक रॉकस्टारने विकत घेतले आणि आपल्या बंगळुरू शाखेत मिसळून टाकले. ज्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे आणि ज्याच्याकडे सारा उद्योग डोळे लावून बसला आहे, तो बनवणाऱ्या कंपनीत माझ्याच शहरातले लोक काम करतात. पण कथा काय असावी, शहर कुठले असावे, नायक कोण, हे ठरवण्याची खुर्ची त्यांच्याकडे नाही. आणि जिथे ती खुर्ची नसते तिथे नोकरीची शाश्वतीही परदेशातल्या ताळेबंदावर टांगलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसचा टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतील हजारो दृश्यपरिणाम व अॅनिमेशन कलाकार एका आठवड्यात रस्त्यावर आले. चूक त्यांची नव्हती, काम वाईट नव्हते.

खुर्ची दिली गेली तर काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून स्टुडिओ चालवले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली आणि तिचे नेतृत्व पुणे व मुंबई या दोन स्टुडिओंकडे दिले. एवढ्या मोठ्या नावाच्या खेळाची धुरा भारतात येणे ही अपूर्वाई होती. झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी चित्रांवर टीका केली, तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. मे २०२२ मध्ये काम काढून माँट्रियलला नेण्यात आले. तिथेही ते पुरे झाले नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा खेळच रद्द केला. त्या पहिल्या टीकेत ‘भारतात बनवला म्हणून असा’ हा सूर होता, आणि तो मला तेव्हाही झोंबला. माँट्रियलला साडेतीन वर्षे मिळूनही जमले नाही, त्याबद्दल कोणी कॅनडाला नावे ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुण्याचेच दुसरे उदाहरण त्याहून बोलके. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. आपल्या हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या आख्यानांतून विणलेले जग, राजस्थानी वास्तुकलेची छाप, पहारी शैलीची चित्रे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी तो खेळ पुरा झाला, आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला. आणि हा खेळ सर्वांत आधी, १८ ऑगस्ट २०२० रोजी, कुठे प्रसिद्ध झाला? निन्टेंडो स्विचवर. म्हणजे पुण्यात घडलेला, भारतीय पुराणकथांवर उभा असलेला खेळ ज्या यंत्रावर आधी आला, ते यंत्र पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळतच नव्हते. बनवणाऱ्यांनी व्यवहार पाहिला, त्यांचे काही चुकले नाही. ग्राहक जिथे होता तिथे ते गेले.

हा तिढा धोरणकर्त्यांना दिसतो का? धोरणांची वाण नाही. अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठी कर्नाटकने २०१२ पासूनच धोरण आखले आणि जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी नवे आणले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा असलेले धोरण मंजूर केले. मुंबईत केंद्राची भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या संस्थेमार्फत १५,००० माध्यमिक शाळा व ५०० महाविद्यालयांत प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. या सगळ्या कागदांत वारंवार येणारे शब्द पाहावेत: रोजगार, निर्यात, गुंतवणूक, कुशल मनुष्यबळ. खेळणारा हा शब्द शोधावा लागतो. जणू चित्रपटनिर्मितीचे धोरण आखायचे आणि चित्रपटगृहांचा उल्लेखही करायचा नाही. ज्या मुलाने हातात कधी कंट्रोलर धरला नाही, त्याला प्रयोगशाळेत बसवून कन्सोलचा खेळ कसा रचतात हे शिकवणार. तो शिकेल, चांगले शिकेलही. आणि शिकून दुसऱ्याच्या खेळातली झाडे आणि दगड रंगवील.

चीनचा अनुभव इथे उपयोगी आहे, जरी तो अनुकरणीय नसला तरी. चीनने २००० मध्ये कन्सोलविक्रीवर बंदी घातली आणि ती २०१५ मध्ये देशभर उठवली. त्यानंतर सोनीने तिथे स्थानिक स्टुडिओंना हात देणारा ‘चायना हिरो प्रोजेक्ट’ सुरू केला. ऑगस्ट २०२४ मध्ये हांगझोच्या एका स्टुडिओने ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ आणला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती गेल्या. यांतला फार मोठा वाटा चिनी खेळाडूंचाच होता. घरचा ग्राहक पाठीशी असल्याने त्या स्टुडिओला आपली माकडदेवाची कथा पाश्चात्त्यांना समजेल का, या चिंतेने अंग चोरावे लागले नाही. आपल्याकडे ‘इंडिया हिरो प्रोजेक्ट’ २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यातून येणाऱ्या खेळांत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा, एका संग्रहालयात घडणारा आणि मानवी तस्करीसारखा विषय हाताळणारा ‘मुक्ती’ आहे. असे खेळ इथल्या किती लोकांच्या टीव्हीपर्यंत पोहोचणार, हा प्रश्न कलाकारांच्या हातातला नाही.

राहिला प्रश्न मालकीचा, आणि माझ्या मते पुढील पाच वर्षांत हाच सर्वांत कळीचा ठरणार आहे. भारतातला मध्यमवर्गीय खेळाडू टिकून आहे तो डिस्कच्या जोरावर. मोठ्या नव्या खेळाची डिस्क ४,९९९ रुपयांना येते. कोणी पूर्ण पैसे भरून ती ठेवून देत नाही. मी घेतो, तीन-चार आठवड्यांत संपवतो आणि साडेतीन हजारांच्या आसपास विकतो. घेणारा ती अडीचला पुढे देतो. काही वेळा तिघांत मिळून एक घ्यायची आणि फिरवायची. ज्याच्याकडे ती शेवटी थांबते त्याला हजार-बाराशेत खेळ मिळतो. यशवंतपुरातील तासावर खेळायला देणारी पार्लरेही याच साखळीवर जगतात. हे चोरीचे नव्हे. विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा व्यवहार आहे. शाळेच्या पुस्तकांचा जसा आपण पिढ्यानपिढ्या करत आलो तसाच.

उद्योगाची वाट नेमकी याच्या उलट चालली आहे. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाच नाही, ती वेगळी विकत घ्यायची. मायक्रोसॉफ्टने ६,९०० कोटी डॉलरच्या घरात अॅक्टिव्हिजन विकत घेतली, ‘हेलो’सारखे आपले मानाचे खेळही प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर आणायचे ठरवले आणि सारा भर मासिक वर्गणीवर दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांची क्लाउड सेवा भारतात आली. म्हणजे आता पेटीच नको, खेळ दूरच्या सर्व्हरवर चालेल, तुम्ही टीव्हीवर पाहा आणि बटणे दाबा. ज्याला पन्नास हजारांचे यंत्र परवडत नाही त्याला हे वरदान वाटेल, आणि काही अंशी ते आहेही. पण त्याआधीच्याच महिन्यात त्या वर्गणीचा सर्वांत वरचा दर भारतात ८२९ रुपयांवरून १,३८९ झाला होता. डिस्क विकून अर्धे पैसे परत मिळतात. वर्गणी थांबवली की हातात काहीच उरत नाही.

विकत घेतलेलाही उरेल याची खात्री नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ घेणाऱ्यांच्या कपाटात निर्जीव झाला. त्यातून युरोपात सुरू झालेल्या नागरिक याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून नियम केला: डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी करा’ असे बटण दाखवायचे, तर ती मालकी नसून रद्द होऊ शकणारा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांची तेरा प्रकारांची यादी काढली. वर्गणीच्या सापळ्याचा त्यात समावेश आहे. मालकी भासवून भाडे घेण्याचा चौदावा प्रकार जोडायला नवा कायदा लागत नाही. एक अधिसूचना पुरते.

ती कोणी मागायची? ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे, अॅनिमेशन व गेमिंगची धोरणे माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, शुल्क आणि कर अर्थ मंत्रालयाकडे, लहरीपट्टा दूरसंचार विभागाकडे, ग्राहक तक्रारी ग्राहक व्यवहार विभागाकडे. या प्रत्येक दारात उद्योगाच्या संघटना उभ्या असतात, निवेदने देतात, आणि ते त्यांचे कामच आहे. खेळणाऱ्यांची म्हणावी अशी एकही संघटना या दारांत मला दिसलेली नाही. ग्राहक पंचायतीसारखी चळवळ महाराष्ट्राने देशाला दिली. तिच्या सभासदांच्या घरांतही आता कन्सोल आहेत, नातवंडांच्या हाती पाकिटे आहेत. कन्सोलवरील सीमाशुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणा, मुलांच्या खेळातील नशिबाच्या पाकिटांवर शक्यता छापणे सक्तीचे करा, आणि बटणावर ‘खरेदी’ लिहिले असेल तर विकत घेतलेले परत विकू द्या, निदान वारसाला देऊ द्या. या तीन मागण्यांसाठी तीन वेगवेगळ्या मंत्रालयांना पत्रे लिहावी लागतील. पहिले, अर्थसंकल्पापूर्वीच्या सूचनांसाठीचे, मी लिहून ठेवले आहे. ते दीड पानाचे आहे, आणि त्यातले पहिले अर्धे पान कन्सोल म्हणजे काय आणि तो रमी का नव्हे, हे समजावण्यात गेले आहे.